मामंजींचा परवाना

ही गोष्ट दोन हजार सालची. थोरलीला तेव्हा बासष्टावं चालू होतं, धाकटी छप्पन्न वर्षांची होती, आणि मामंजींचं वय नक्की किती ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

मामंजी म्हणजे घरचं कासव. वडिलांचा फोटो स्टुडिओ होता. त्याच्या चोपन्न वर्षं आधी एक गिऱ्हाईक गाव सोडून जाताना ते कासव स्टुडिओत ठेवून गेलं होतं. आईनं दोन दिवस त्याच्याकडे निरखून बघितलं आणि म्हणाली, हे तर थेट आमचे मामंजी. हो म्हणत नाहीत, नाही म्हणत नाहीत, जागचे हलत नाहीत, ताट मांडलं की तेवढी मान बाहेर काढतात. आजोबा तेव्हा शेजारच्याच खोलीत बसले होते. त्यांनी ऐकलं की नाही हे कधी कळलं नाही, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. पुढे आजोबा गेले, आई गेली, वडील गेले. मामंजी राहिले.

थोरलीचा त्यांच्यावर फार जीव. लग्न होऊन ती दोन गल्ल्या पलीकडे राहायला गेली तेव्हा ट्रंकेबरोबर मामंजीही गेले. नवरा लवकर गेला, तेव्हा एका काखेत तान्हा मुलगा आणि दुसऱ्या काखेत कासव घेऊन ती माहेरी आली, ती कायमची. छापखान्यात तिनं एकतीस वर्षं प्रुफं तपासली. दुसऱ्याची चूक पकडण्यात तिचा हात धरणारं त्या छापखान्यात कुणी नव्हतं. वरच्या मजल्यावर ती राहायची; घर उतारावर असल्यानं मागचं अंगण त्याच मजल्याला लागून होतं. खाली, पूर्वी स्टुडिओ होता तिथे, धाकटीचं शिवणाचं दुकान होतं. धाकटीनं लग्न केलं नाही. रोज दुपारी चारच्या ठोक्याला मशीन थांबवून ती मागच्या अंगणात यायची आणि कोबीचं पान बारीक चिरून मामंजींपुढे ठेवायची. थोरली सासरी होती तेव्हा रोज तिथे जायची; ताप असो, दुकानात गर्दी असो, यात कधी खंड पडला नाही. बहिणीसाठी कधी येणार नाहीस, पण सासऱ्यासाठी बरोबर येशील, असं थोरली तिला चिडवायची. धाकटी त्यावर हसायची नाही. ती का हसत नाही, हा विचार थोरलीच्या मनात कधी आला नाही.

मुलगा परदेशी जाऊन नऊ वर्षं झाली होती. आई आता एकटी नको, इकडेच ये, म्हणून तो दर रविवारी फोनवर हट्ट धरायचा. शेवटी थोरली हो म्हणाली, एका अटीवर. मामंजी बरोबर येणार. मुलाला आधी थट्टा वाटली. मग त्यानं चौकशी केली आणि तीन पानी यादी पाठवून दिली. थोरलीनं ती यादी प्रुफासारखी वाचली, समासात खुणा केल्या आणि अठ्ठावीस तारखेचं तिकीट काढायला सांगितलं.

तिच्या स्वतःच्या तयारीत एकच विघ्न आलं. पासपोर्टसाठी काढलेला फोटो तिला मुळीच आवडला नाही. ही मी नाही, तोंड वाकडं आलंय, म्हणून तिनं फोटोवाल्याला दोनदा परत काढायला लावला. तिसऱ्यांदाही तोंड तसंच. धाकटी म्हणाली, तुझं तोंड असंच आहे, आम्ही जन्मभर बघतोय. थोरलीनं तो फोटो नाइलाजानं चिकटवला.

मामंजींच्या तयारीत विघ्नं जास्त होती. जनावरांच्या डॉक्टरांनी त्यांना तोललं, त्यांची विष्ठा तपासायला घेतली, मागच्या डाव्या पायाच्या कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी नंबराची चिप बसवली. मग उलटं करून पोटाकडे बघितलं आणि विचारलं, यांना मामंजी कुणी केलं? नराचं पोट खोलगट असतं, हे सपाट आहे. ही मादी आहे.

थोरली खुर्चीत बसली. चोपन्न वर्षं ज्यांना अहोजाहो केलं ते मामंजी सासूबाई निघाले. घरी येऊन तिनं धाकटीला सांगितलं आणि दोघींनी मिळून हसावं म्हणून वाट बघितली. धाकटी पांढरी पडली. सुईत दोरा ओवता ओवता थांबून तिनं विचारलं, डॉक्टर आणखी काही म्हणाले का? थोरली म्हणाली, म्हणाले की तब्येत उत्तम आहे. धाकटीनं मान हलवली. तिला दोरा ओवता येईना.

सुतारानं फळीची पेटी करून दिली. मामंजी आत वळू शकतील पण घसरणार नाहीत एवढीच रुंद, चारी बाजूंना भोकं, आणि बाहेरून एक पट्टी ठोकलेली, म्हणजे दुसरं सामान खेटून ठेवलं तरी भोकं बुजणार नाहीत. सवय व्हावी म्हणून थोरली रोज तासभर मामंजींना पेटीत ठेवायची आणि शेजारी बसून पुस्तक वाचायची. यादीवर बारा खुणा झाल्या. तेरावं कलम राहिलं, ते परवान्याचं.

कासव घरी ठेवायला बावीस वर्षांपूर्वी बंदी आली होती. त्याआधीपासून घरात असलेलं ठेवता यायचं आणि बाहेरही नेता यायचं, पण तसा पुरावा लागायचा. थोरलीला त्याची चिंता नव्हती. पुरावा भिंतीवर टांगलेला होता. एकोणपन्नास सालचा फोटो, मागं वडिलांचा शिक्का, तारीख, नंबर. अकरा वर्षांची थोरली आईनं शिवलेला कोट घालून उभी आहे आणि दोन्ही हातांनी मामंजींना छातीशी उभं धरून पोट कॅमेऱ्याकडे केलंय. कासवाचं तोंड दाखव म्हणून वडील सांगत होते आणि ती पोटच दाखवत होती, कारण मामंजींचं पोट किती चित्रासारखं आहे ते तिला सगळ्या जगाला दाखवायचं होतं. तो हट्ट आज कामाला आला, म्हणून ती खूश होती. कासवाच्या पोटावरच्या रेघा म्हणजे माणसाच्या बोटांचे ठसे, आणि कचेरीत तेच ताडून बघतात, असं मुलानं लिहिलं होतं.

नऊ तारखेला ती मामंजींना टोपलीत घालून कचेरीत गेली. परवान्याच्या टेबलावर एक चाळिशीच्या बाई होत्या. गळ्यात साखळीला भिंग. थोरलीनं मनातल्या मनात त्यांचं नाव भिंगबाई ठेवलं. भिंगबाईंनी मामंजींच्या पोटाचा ताजा फोटो काढला, तो जुन्या फोटोशेजारी ठेवला आणि भिंग लावून एकेक तुकडा मोजायला घेतला. वरून सुरुवात केली. मध्येच थांबल्या. पुन्हा वरून मोजलं. मग भिंग काढून ठेवलं.

"बाई, हे ते कासव नाही," त्या म्हणाल्या.

थोरलीला वाटलं, त्या दुसऱ्याच कुणाच्या फायलीबद्दल बोलतायत. भिंगबाईंनी दोन्ही फोटो तिच्याकडे वळवले. शेपटीजवळ एक जादा त्रिकोणी तुकडा होता, असा क्वचितच कुठल्या कासवाला असतो. जुन्या फोटोत तो उजव्या हाताला होता. मामंजींच्या पोटावर तो डाव्या हाताला होता. मधली रेघ जुन्या फोटोत एका बाजूला झुकलेली, इथे दुसऱ्या. आकार मिळता होता, एका घरट्यातलं भावंड असू शकेल, पण रेघ बाजू बदलत नाही. वाढत्या वयात ती रुंद होते, फिकट होते, जागा सोडत नाही.

थोरलीनं भिंग मागून घेतलं. एकतीस वर्षांची नजर होती. तिनं तीनदा बघितलं. बाई खरं बोलत होत्या.

भिंगबाई वाईट नव्हत्या. त्यांनी पाणी मागवलं. म्हणाल्या, तुम्ही अर्ज केलाच नसता तर मला कळलंच नसतं. आता मी बघितलंय, न बघितल्यासारखं करता येत नाही. वीस तारखेपर्यंत दुसरा पुरावा आणा. नाही मिळाला तर परवाना तर नाहीच, कासवही सरकारी प्राणिकेंद्रात जमा करावं लागेल. तिथे दोनशे आहेत, चांगली ठेवतात.

दोनशे. थोरली टोपली उचलून बाहेर आली, आणि आपण कुठल्या रस्त्यानं घरी आलो ते तिला पुढे कधी आठवलं नाही. स्वतःच्या हातानं त्यांना फासात नेऊन दिलं, एवढंच डोक्यात फिरत होतं.

दुकानात शिरून तिनं धाकटीला सगळं सांगितलं. तिला वाटलं होतं की आता धाकटी कचेरीच्या नावानं बोटं मोडेल, भिंगाला चष्मा लावा म्हणेल. धाकटीनं कात्री खाली ठेवली. दारावरची पाटी फिरवून दुकान बंद केलं आणि कडी लावून तिथेच, दाराला टेकून उभी राहिली.

"ताई, त्या बाई बरोबर बोलल्या. हे मामंजी नाहीत."

थोरलीला आधी हसूच आलं. मग धाकटीच्या तोंडाकडे बघून ते जागच्या जागी विरलं.

एकसष्ट साली थोरली क्षयानं आजारी पडली होती. डोंगरावरच्या दवाखान्यात आठ महिने. मामंजींना धाकटीच्या हवाली केलं होतं. ती सतरा वर्षांची. दर आठवड्याला तिचं पत्र यायचं, आणि प्रत्येक पत्रात एक ओळ असायची, मामंजी मजेत आहेत. चौथ्या महिन्यात मागच्या अंगणाच्या फाटकाची कडी तिच्या हातून उघडी राहिली आणि मामंजी गेले. धाकटीनं एकोणीस दिवस शोधलं, गटारांत हात घालून शोधलं. आईवडिलांना सांगितलं की थंडी आहे, ते पेंढ्यात झोपलेत. विसाव्या दिवशी रस्त्याच्या टोकाला जी रोपवाटिका होती तिथला माळी म्हणाला, आमच्या खड्ड्यात एक कासव पडलं होतं, तुमचं का बघा. त्याच्या बायकोनं ते सोड्यानं घासून लख्ख केलं होतं. मामंजींच्या पाठीवर वडिलांनी पांढऱ्या रंगाचा ठिपका काढलेला होता. या कासवाच्या पाठीवर ठिपका नव्हता. टकटक केल्यावर मान बाहेर येत नव्हती. कोबीकडे ते बघतही नव्हतं. रंगानं वेगळं, अंगानं बारीक. हे दुसरं आहे हे धाकटीला तिथेच कळलं. तरी तिनं ते घेतलं, आणि स्टुडिओतला पांढरा रंग घेऊन पाठीवर ठिपका काढला.

"का नाही सांगितलंस मला?" थोरलीनं विचारलं.

"त्याच आठवड्यात तुझं पत्र आलं होतं. मामंजींसाठी तरी बरी होऊन येते, असं लिहिलं होतंस. डॉक्टरांनी आशा सोडली होती, ताई. बाबांनी आम्हाला बसवून सांगितलं होतं. मग मी काय लिहू?"

यावर थोरली जे बोलली ते बोलायला नको होतं, हे तिला तेव्हाही कळत होतं. ती म्हणाली, म्हणजे मी बरी झाले ती कुणासाठी? एकोणचाळीस वर्षं माझ्या हातून परक्याला भरवलंस, आणि मी त्याच्यापुढे बसून नवऱ्याचं रडले, मुलाचं रडले. भिंतीवर गेली एकावन्न वर्षं असलेला तो फोटो तिच्या पिशवीत होता. तो तिनं शिवणाच्या मशीनवर टाकला. म्हणाली, हा तूच ठेव, यातलं कासव तूच घालवलंस. आणि उद्यापासून चार वाजता अंगणात येऊ नकोस.

धाकटीनं मान डोलावली. एवढंच. भांडली असती तर बरं झालं असतं.

त्यानंतरचे तीन दिवस थोरली घरात नुसती फिरत होती. पेटीशेजारी बसायची आणि उठायची. मामंजी समोर आले की ती त्यांच्याकडे पाहुण्याकडे बघावं तशी बघायची. कोण तू? कुठल्या घरचा? ते नेहमीसारखे येऊन तिच्या पावलाला कवच टेकून बसायचे आणि तिचं पाऊल मागे घ्यायचं धाडस व्हायचं नाही. पहिल्या दिवशी चार वाजता मामंजी स्वयंपाकघराच्या दारापाशी जाऊन मान वर करून थांबले. खालून मशीनचा आवाज येत होता. तो थांबला. धाकटी आली नाही. पाच मिनिटांनी मशीन पुन्हा सुरू झालं.

थोरलीनंच पान चिरलं. जाड झालं. मामंजींनी ते तोंडात धरलं, टाकलं आणि दाराकडे बघत राहिले.

तेव्हा थोरलीला जो धक्का बसला तो कचेरीतल्यापेक्षा मोठा होता. कासव दुसरं निघालं, हे ती एक वेळ गिळू शकली असती. पण चार वाजताची ती रोजची पायरी चढून येणारी बहीण? ताप असताना येणारी, दुकानात माणसं ताटकळत ठेवून येणारी? ती मायेनं येते असं थोरली एकोणचाळीस वर्षं धरून चालली होती. ती शिक्षा भोगायला येत होती. थोरलीचं एकेक पोलकं, एकेक कोट तिनं शिवून दिला होता, कधी नाही म्हणाली नव्हती. तेही त्यातलंच असेल. मग यात बहीण म्हणून कितीशी आली? थोरलीनं हिशेब लावून बघितला आणि कुठेच उत्तर मिळेना. ती अंगणात पायरीवर बसून राहिली.

चौथ्या दिवशी सकाळी अकराला जिन्यात पावलं वाजली. धाकटी दारात उभी. गळ्यात मापाची फीत, हातात फोटो. तीन रात्री झोप नव्हती, डोळे लाल. बोलावलं नसताना आलेय, असं तिनं आधीच सांगून टाकलं, आणि हेही, की दोन मिनिटं ऐक, मग हाकलून दे.

"हा कोट आईनं शिवलाय ना?"

थोरली म्हणाली, हो, निळा होता, मी तो दोन वर्षं घातला.

"मग ही बटणं बघ. पुरुषी बाजूनं आलीत. बायकांच्या कपड्याला उजवं पान डाव्यावर येतं. आईनं मला शिवण शिकवलं ते पहिलं वाक्य हे होतं. आई मेली असती पण मुलीच्या कोटाला अशी बटणं लावली नसती."

थोरलीला काही कळेना. धाकटीनं तिला खांदे धरून खिडकीपाशी उजेडात वळवलं.

"लहानपणी तू तिपाईवर पडलीस. त्याचा व्रण कुठल्या भुवईवर आहे?"

थोरलीचा हात आपोआप वर गेला. डाव्या.

"फोटोत बघ."

फोटोतल्या मुलीच्या भुवईवर व्रण होता. उजव्या. थोरली फोटोकडे बघत राहिली, मग भिंतीवरच्या आरशाकडे वळली. आरशात सगळं फोटोसारखंच होतं. व्रण त्याच बाजूला. तिला वाटलं, धाकटीला झोप नसल्यानं भ्रम झालाय. मग तिनं फोटो आरशाशेजारी धरला. आरसा उलटं दाखवतो. फोटोनं आरशासारखं दाखवायला नको.

"तू स्वतःला आरशातच बघतेस, म्हणून तुला कधी खटकलं नाही," धाकटी म्हणाली. "मी तुला समोरून बघते. पण फोटो भिंतीवर उंच होता, मी कधी हातात घेतलाच नव्हता. हिंमतच नव्हती."

दोघी तशाच, चपला अडकवून, पेन्सिलकाकांकडे गेल्या. पेन्सिलकाका म्हणजे वडिलांच्या स्टुडिओत निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवून गिऱ्हाइकांच्या सुरकुत्या घालवणारे कारागीर. आता स्वतः ब्याऐंशीचे, आणि त्यांच्या सुरकुत्या घालवणारं कुणी उरलं नव्हतं. स्टुडिओ बंद झाला तेव्हा काचेच्या निगेटिव्ह त्यांना फेकवल्या नाहीत. त्या त्यांच्या खाटेखाली होत्या, नंबरवार, कागदी पाकिटांत. खाट उंच करून घेतली होती, त्यावर चढायला स्टूल लागायचं, आणि सून रोज त्यावरून बोलायची.

फोटो हातात घेऊन काकांनी तो नुसता तिरपा धरला आणि हसले.

"उलटा आहे. घरचे सगळे उलटेच आहेत. तुझ्यामुळे, थोरले."

मग त्यांनी सांगितलं. नऊ वर्षांची असताना थोरलीचा पहिला मोठा फोटो काढला होता. तो बघून ती रडायला लागली. ही मी नाही, माझा व्रण दुसरीकडे आहे, तोंड वाकडं आहे. काही केल्या ऐकेना. वडिलांनी काच पालथी घालून पुन्हा छापला, म्हणजे आरशातल्यासारखा. मुलगी लगेच गप्प. तेव्हापासून त्यांनी नियमच केला. ज्या गिऱ्हाइकाला स्वतःचा फोटो आवडायचा नाही त्याला उलटा छापून द्यायचा, गिऱ्हाईक खूश होऊन जायचं. आणि घरचे फोटो तर सगळेच तसे. काच पालथी घातली की चित्र आणि कागद यांच्यात काचेची जाडी येते, म्हणून ते फोटो जरासे मऊ दिसतात. थोरलीला आयुष्यभर वाटत आलं होतं की तो मऊपणा जुनेपणाचा आहे.

काकांनी पाकीट शोधलं. काच उजेडाला धरली. कडेला वडिलांच्या हातानं खरवडलेला नंबर सुलटा वाचता आला, तेव्हा कोटाचं उजवं पान डाव्यावर होतं, व्रण डाव्या भुवईवर होता, आणि मामंजींच्या पोटावरचा तो जादा तुकडा डाव्या हाताला होता.

सून चहा घेऊन आली, तिघांकडे बघितलं आणि कप ठेवून मागे फिरली.

धाकटी खाली बसली. खाटेच्या पायाला धरून हळूच, जमिनीवर. माळ्याच्या खड्ड्यातलं ते बारीक, घासलेलं, न ओळखणारं कासव मामंजीच होते. एकोणीस दिवसांच्या उपासानं बारीक झालेले, सोड्यानं ठिपका गेलेला, भ्यालेले. तिनं ते घरी आणलं होतं. त्यांनाच आणलं होतं. तिनं काहीच बदललं नव्हतं, कुणाला फसवलं नव्हतं. फक्त ठिपका परत काढला होता.

"मग मी एवढी वर्षं काय केलं, ताई?" तिनं विचारलं.

बासष्ट वर्षांच्या आयुष्यात थोरलीनं दुसऱ्यांच्या किती चुका लाल शाईनं पकडल्या असतील, आणि ही एवढी मोठी चूक तिच्याच रडण्यातून निघाली होती, तिच्याच भिंतीवर टांगलेली होती, आणि तिला ती रोज बरोबर दिसत होती. ती धाकटीशेजारी जमिनीवर बसली. गुडघे दुखत होते तरी बसली.

भिंगबाईंनी काच उजेडाला धरून बघितली, नंबर वाचला, तारीख ताडली. भिंग लावून वरून खाली मोजलं, खालून वर मोजलं. मग त्यांनीही खुर्चीला पाठ टेकली. वीस वर्षांच्या नोकरीत असा पुरावा आला नव्हता, म्हणाल्या. परवान्यावर शिक्का मारताना त्यांनी विचारलं, नाव काय लिहू? थोरलीनं सांगितलं, मामंजी. लिंग? मादी. भिंगबाईंनी एकदा वर बघितलं आणि दोन्ही लिहून टाकलं.

त्या दिवशी दुपारी थोरली अंगणाच्या पायरीवर बसली होती. परवाना मांडीवर होता, पण तिचं लक्ष त्याच्याकडे नव्हतं. चारला पाच मिनिटं होती. खाली मशीन चालू होतं. आता धाकटीवर काही उरलं नव्हतं. फेडायचं नव्हतं, लपवायचं नव्हतं. यायचं कारणच नव्हतं. मामंजी दारापाशी जाऊन मान वर करून उभे राहिले, आणि थोरलीला वाटलं, आपणही तशाच दिसत असणार.

चार वाजले. मशीन चालूच राहिलं.

थोरलीनं पान उचललं. सुरी शोधायला उठली. चार वाजून सहा मिनिटांनी मशीन थांबलं. धाकटी दारात आली, तोंडात दोन टाचण्या तशाच धरलेल्या. त्या काढून तिनं पदराला लावल्या.

"एक बाही अर्धी राहिली होती," ती म्हणाली. "सोड ते, तुला बारीक चिरता येत नाही."

एकोणचाळीस वर्षांत ती पहिल्यांदाच उशिरा आली होती. थोरलीनं सुरी तिच्या हातात दिली आणि तोंड फिरवून नाक पुसलं.

सत्तावीस तारखेला मामंजींना उपास होता, यादीत तसं होतं. थोरलीनं धाकटीला विचारलं, यांना इथेच ठेवू का तुझ्यापाशी? तिनं ते अगदी मनापासून विचारलं होतं. धाकटीनं नको म्हटलं. एकदा माझ्या हातून घराबाहेर गेलेत, तेव्हा मी शोधून आणले हे मलाच कळलं नव्हतं, म्हणाली. या वेळी मी स्वतः फाटक उघडून पाठवते. पेटीत तिनं आईनं शिवलेल्या त्या निळ्या कोटाचं अस्तर घातलं. ते इतकी वर्षं तिनं जपून ठेवलं होतं, हेही थोरलीला तेव्हाच कळलं.

पेन्सिलकाका त्यानंतर तीन वर्षांनी गेले. सुनेनं खाट खाली घेतली, पण काचा टाकल्या नाहीत, त्या शहराच्या संग्रहालयाला दिल्या. भिंगबाई पुढे त्या खात्याच्या प्रमुख झाल्या. नव्या माणसांना शिकवताना जुना फोटो आला की आधी माणसाची बटणं बघा, असं त्या सांगायच्या म्हणे. मुलानं आईसाठी मागच्या बाजूला छोटं अंगण करून दिलं, फाटकाला दोन कड्या लावून. धाकटी दोनदा तिकडे जाऊन आली. दोन्ही वेळा महिन्यासाठी गेली आणि तीन महिने राहिली. दुकान तिनं शेवटपर्यंत चालवलं आणि दोन हजार अकरा साली, मशीनवर काम करतानाच गेली. थोरली त्यानंतर पाच वर्षं होती. रोज दुपारी चार वाजता ती स्वतःच पान चिरायची, जाड. मामंजींनी शेवटी ते खायला सुरुवात केली होती.

पेन्सिलकाकांनी तो फोटो सुलटा छापून दिला होता. थोरलीनं तो परवान्याच्या फाइलमध्ये ठेवला, भिंतीवर कधीच लावला नाही. ही मी नाही, म्हणायची, तोंड वाकडं आहे. भिंतीवर शेवटपर्यंत उलटाच होता, आणि आजही आहे, मुलाच्या घरी. त्याच्या खाली मामंजी उन्हात बसलेले असतात. त्यांचं वय किती ते अजूनही कुणाला माहीत नाही.